हप्ता आधी की किराणा?

"हप्ते भरले की महिना निघत नाही आणि महिना काढायचा तर हप्ता चुकतो. आधी काय सांभाळू?" ठाण्यात कौटुंबिक समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या घरांतून येतो. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये काम करणारे विचारतात, वाशीच्या मार्केटला पहाटे जाणारे विचारतात, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये दोन पगारांवर राहणारेही विचारतात. नातेवाइकांकडून या सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो: पोटाला चिमटा घ्या, पण आधी कर्ज फेडा.

मी नेमकं उलटं सांगते. आधी घरखर्चाचा खरा आकडा काढा, मग हप्त्यांकडे वळा. असं का, ते घणसोलीच्या एका जोडप्याच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सुजाता पहिल्यांदा एकटीच आली. रात्री साडेनऊला तिच्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला होता. "तुमच्या मिस्टरांनी पैसे थकवलेत, फोन उचलत नाहीत, तुम्ही काय ते बघा." तिला आधी वाटलं राँग नंबर आहे. नवऱ्याला, महेशला, विचारलं तेव्हा तो ताटावरून उठून गेला. पण माझ्याकडे येऊन ती पहिलं वाक्य बोलली ते कर्जाबद्दल नव्हतंच. "ताई, माझ्या हाताला बरकत नाही का हो? आठ महिने झाले, ब्लाउज शिवून, फॉल-पिको करून महिन्याला सहा हजार घरात आणतेय. आधीपेक्षा पैसा जास्त येतोय, तरी वीस तारखेला डबा रिकामा."

तिने दूध एका लिटरवरून अर्ध्यावर आणलं होतं. मुलाच्या शाळेच्या फीसाठी बचत गटातून कर्ज काढलं होतं आणि ते महेशला सांगितलं नव्हतं, कारण 'ह्यांना वाटेल मला घर चालवता येत नाही.' म्हणजे लपवाछपवी दोन्ही बाजूंनी होती, आणि दोघांचं कारण एकच होतं. पैशाच्या तक्रारीत मी नवरा-बायकोपैकी कुणालाही लगेच दोषी धरत नाही, ते यासाठीच.

पुढच्या वेळी महेश आला. रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये आहे. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, शेअर बाजारात घातले नाहीत. एवढं कर्ज झालं कशाचं, तेच मला कळत नाही." त्याच्या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. व्यसन नसलेल्या, नेटाने कमावणाऱ्या माणसावर कर्ज चढलं की त्याची लाज जास्त गडद असते, कारण बोट दाखवायला काहीच सापडत नाही.

आम्ही सगळं कागदावर उतरवलं. महेशच्या हातात ३८,००० येतात, सुजाताचे ६,०००, असे ४४,०००. खोलीचं भाडं ९,५००. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या तीन लाखांच्या पर्सनल लोनचा हप्ता ८,५००, अजून २६ हप्ते बाकी. क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेले, त्याचे तो दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बँकेने सांगितलेली किमान रक्कम, म्हणून ६,००० भरायचा. मोबाइल ॲपवरून घेतलेली दोन कर्जं, मिळून २८,००० बाकी, महिन्याला ७,०००. शिवाय खोलीच्या डिपॉझिटला मेहुण्याकडून घेतलेले ५०,०००, बिनव्याजी, पण सगळ्यात जास्त तेच टोचणारे. त्यामुळे तो भाऊबीजेलाही सासुरवाडीला गेला नव्हता.

महेशच्या वहीत हिशेब पक्का बसत होता: ४४,००० वजा भाडं वजा २१,५०० चे हप्ते, उरले १३,०००. समोर लिहिलं होतं, 'घरखर्च १३,०००'. मी विचारलं, हा तेरा हजारांचा आकडा आला कुठून? तो गप्प. सुजाता म्हणाली, "उरले तेवढे लिहिलेत."

सगळी गडबड त्या एका ओळीत होती. घर किती लागतं हे कुणी मोजलंच नव्हतं; हप्ते जाऊन जे उरलं त्याला घरखर्च म्हटलं होतं. मी दोघांना एकत्र बसवून खरा खर्च लिहायला लावला. किराणा, भाजी, दूध, गॅस, लाइट बिल, तीन मोबाइलचे रिचार्ज, शेअर रिक्षा, मुलीची नववीची क्लासची फी, गावी आईला पाठवायचे दोन हजार. बेरीज १७,००० च्या घरात गेली. त्यानंतर मी वर्षातून एकदा येणारे खर्च विचारले, आणि इथे दोघंही थबकले. जूनमधली वह्या-पुस्तकं, गणवेश, शाळेची वार्षिक फी. पाटणकडच्या गावची यात्रा, चौघांचं एसटीचं भाडं आणि पाहुण्यांचं मटण. दिवाळी. विम्याचा हप्ता. उन्हाळ्यातल्या लग्नांचे आहेर. हे सगळं मिळून वर्षाला ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००.

दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारे हे खर्च आपण 'अचानक आलं' म्हणून सांगतो. जून दरवर्षी येतो, यात्राही येते. मासिक वहीत त्यांना जागा नसते आणि म्हणून ते थेट कार्डावर जातात.

थोडक्यात, घराला लागत होते २१,००० आणि वहीत होते १३,०००. महेश एका हाताने कार्डाचे सहा हजार भरत होता आणि त्याच महिन्यात किराणा, औषधं, रिचार्ज करताना जवळपास आठ हजार पुन्हा कार्डावर किंवा ॲपवर चढवत होता. मागचंही जुळलं. वडिलांच्या दवाखान्याचे ४५,००० कार्डावर गेले, तेव्हा सुजाताची कमाई नव्हती, महेशचा पगार ३६,००० होता आणि पर्सनल लोनचा हप्ता भरून घरात महिन्याला तीन हजारांची तूट पडत होती. ती वर्षाहून जास्त काळ कार्डावर जात राहिली. त्यावर व्याज. महेशला न सापडणारं कर्ज हे होतं.

व्याजाचं गणित तर मी त्याला स्वतःच करायला लावलं, कारण ऐकलेलं विसरतं, केलेलं विसरत नाही. त्याच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के होता, म्हणजे वर्षाला ४२. १,२०,००० वर महिन्याचं व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६. भरलेल्या ६,००० मधले ४,९५६ तिथेच संपले. मुद्दल उतरलं फक्त १,०४४ रुपयांनी. शिवाय बाकी थकलेली असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महेशने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही. मिनिमम ड्यू भरला म्हणजे आपण व्यवहारात सरळ आहोत, हा समज मला फार घातक वाटतो. त्याने लेट फी टळते, व्याज टळत नाही.

मग आम्ही गणित उलट्या टोकाने मांडलं. आधी घर. २१,००० मधून ओढूनताणून नव्हे, तर पटेल तेवढंच कमी केलं. आईचे दोन हजार यापुढे महेश आणि कोपरखैरण्याला राहणारा थोरला भाऊ निम्मे-निम्मे देतील. महेशने भावाला कधी विचारलंच नव्हतं, विचारल्यावर तो लगेच हो म्हणाला. शेअर रिक्षाऐवजी जमेल तेव्हा एनएमएमटीची बस. वर्षाच्या खर्चातून आहेर आटोपशीर. महेशने मुलीचा क्लास बंद करायचं सुचवलं, तिथे मी ठाम नाही म्हटलं. कर्जाची झळ पहिली मुलीच्या शिक्षणाला लागते, हे मी अनेक घरांत पाहिलंय आणि ते मला मान्य नाही. दूध पुन्हा एक लिटर झालं. घरखर्च ठरला १९,०००, त्यातले वर्षाच्या खर्चाचे ३,५०० पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात.

हप्त्यांना उरले १५,५००. द्यायचे होते २१,५००. मग हप्त्यांची मांडणी बदलणं भाग होतं.

कार्डाच्या बँकेला लेखी विनंती करून थकबाकीचे ३६ महिन्यांचे हप्ते करून घेतले, वार्षिक १८ टक्क्यांनी. जीएसटी धरून साधारण ४,६००. तीन वर्षं लांबली खरी, पण ४२ चे १८ झाले. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधूनच बंद केले. ती सोय असते, बहुतेकांना माहीत नसते. कार्ड वापरात राहिलं असतं तर एवढी सगळी खटपट वाया गेली असती. जुनं फेडायला नवं कर्ज काढण्याच्या मी विरोधात नाही, पण दर खाली येत असेल आणि जुना रस्ता खरोखर बंद होत असेल तरच.

ॲपच्या कर्जांसाठी महेशने सोन्याचा विषय काढला, आणि काढताना सुजाताकडे पाहिलंही नाही. मी त्याला थांबवलं. स्त्रीधन कायद्यानेही बाईचंच असतं, त्याचा निर्णय तिचा. तिला एकटीला वेळ दिला. पुढच्या खेपेला तिनेच सांगितलं: "विकणार नाही, पण आईने दिलेली एक बांगडी बँकेत ठेवते. पावती माझ्या नावाची." तीस हजारांचं सोनेतारण झालं, ॲपची दोन्ही कर्जं बंद झाली, काही बाकी नसल्याची, 'नो ड्यूज'ची पत्रं घेतली. सोनेतारणाला महिन्याला २,४००, वर्ष-सव्वा वर्षात बांगडी परत. ८,५००, ४,६०० आणि २,४००: बरोबर १५,५००.

मेहुण्याकडे दोघं मिळून गेले. तारीख सांगून आले, सोनेतारण संपलं की सुरुवात करू म्हणून. तो म्हणाला, "दाजी, पैशाचं राहू द्या, घरी येणं का बंद केलंत?" महेश ते मला सांगताना रडला.

वसुलीच्या फोनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण रात्रीची झोप त्यानेच उडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, बदनामी, नातेवाइकांना फोन करून लाज आणणं हेही चालत नाही. डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो चाळायची मुभा नाही. असं घडलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, खर्च काही नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ॲपच बनावट निघालं, धमक्या येऊ लागल्या तर सायबर पोलिसांचा १९३०.

"पोलीस घरी येतील का?" हे सुजाताने अगदी हळू आवाजात विचारलं होतं. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, वसुली एजंटाला कुणालाही अटक करवण्याचा अधिकार नाही. मात्र खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला, किंवा ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, परत गेलं, तर त्यावर कायद्याने खटला होऊ शकतो; ऑटो-डेबिटसाठी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे. म्हणून हप्ता चुकणार असं दिसलं की तारखेच्या आधीच बँकेला लेखी कळवा आणि मुदत मागा. फोन न उचलणं सगळ्यात महागात पडतं.

महेशला मधल्या काळात 'एकरकमी निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू' असाही फोन आला होता. ऐकायला गोड वाटतं, पण सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात त्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घराचं कर्ज मागताना तो आडवा येतो. ज्याच्याकडे हप्ता भरायची कुठलीच वाट उरली नाही त्याने तो मार्ग जरूर पाहावा. महेशकडे वाट होती.

पावसाळ्यात धाकट्याला डेंग्यू झाला. दवाखान्याचे १४,००० झाले. महेशने सवयीने फोनवर ॲप शोधलं आणि डाउनलोड करण्याआधी सुजाताला दाखवलं. वर्षाच्या खर्चाच्या खात्यातून आणि तिच्या शिलाईच्या आगाऊ पैशांतून ते भागलं. दिवाळीचे कपडे त्या वर्षी झाले नाहीत. मुलीला कारण सांगितलं होतं, तिला ते आधीच ठाऊक होतं.

सध्या सगळे हप्ते वेळेवर आहेत. सोनेतारणाचे थोडेच महिने राहिलेत. महेशला मेहुण्याचे पैसे आत्ताच सुरू करायचेत, त्यासाठी वर्षाच्या खात्यात दोन हजार कमी टाकू म्हणतो. सुजाता साफ नाही म्हणते: जून तोंडावर आहे, मुलगी दहावीला जाईल. मला सुजाताचं बरोबर वाटतं आणि मी तसं सांगितलंही, पण मेहुण्यापुढे मान वर करून बसायची महेशची घाईही मी समजू शकते. पुढच्या भेटीत तोच विषय आहे.