20 लाखांच्या शेअर्सवर लाभांशातून महिन्याला 10,000 धरता येतील का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी नागपुरात निवृत्त होताय, 20 लाख शेअर्समध्ये टाकणार आहात, ॲपवर 6 टक्के डिव्हिडंड यील्ड दिसतंय, म्हणून महिन्याला 10,000 धरू का? धरू नका. माझ्या मते 5,000 धरा, तेही कर कापण्याआधीचे.

ॲपवरचं यील्ड म्हणजे गेल्या 12 महिन्यांचा लाभांश भागिले आजचा भाव. यात पुढच्या वर्षाबद्दल काहीच नाही. कंपनीनं एकदाच मोठा विशेष लाभांश दिला तरी आकडा फुगतो, आणि धंदा बिघडून भाव पडला तरी फुगतो. वेदांतानं 2022-23 मध्ये शेअरमागे 101.50 रुपये दिले, पुढच्या वर्षी 29.50. पहिल्या आकड्यावर घरखर्च बसवला असता तर वर्षभरात दोन तृतीयांशाहून जास्त उत्पन्न गेलं असतं.

म्हणून टक्के सोडा, रुपये मोजा. वहीत प्रत्येक कंपनीपुढे शेअर्सची संख्या आणि गेल्या आठ-दहा वर्षांत शेअरमागे मिळालेले रुपये लिहा. पाच वर्षं मला कमी वाटतात, कारण त्यात मंदी येईलच असं नाही. कोल इंडियाचंच बघा, वेकोलि या तिच्या नागपुरातल्या उपकंपनीमुळे आपल्याकडे ती घरातल्यासारखीच. 2015-16 मध्ये 27.40 रुपये, मग 19.90, 16.50, 13.10 असं उतरत 2019-20 मध्ये 12. नंतर चढून 2022-23 मध्ये 24.25. म्हणजे 500 शेअर्सवर एका वर्षी 13,700 आणि चारच वर्षांनी 6,000, एकही शेअर न विकता. या आठ वर्षांची सरासरी साधारण 18 रुपये येते. सरासरीचा आकडा अंदाज म्हणून ठेवा, पण किराणा, वीजबिल, औषधं मात्र सर्वांत वाईट वर्षाच्या आकड्यात बसली पाहिजेत. संत्र्याच्या बागेचा हिशेब कोणी एका भरघोस बहारावर करत नाही, तसंच हे.

आकडे उतरवताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. ‘500 टक्के लाभांश’ असं छापून येतं ते दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरच्या बाजारभावावर नव्हे तर कागदोपत्री मूळ किमतीवर असतं. दर्शनी मूल्य 2 रुपये असेल तर हातात 10 रुपये. दुसरं, बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर्स) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) झाला असेल तर जुने आकडे त्या प्रमाणात कमी करा. एकास एक बोनसनंतर आधीचे 20 रुपये आजच्या हिशेबात 10 होतात.

वेगवेगळ्या धंद्यांतल्या, नियमित लाभांश देणाऱ्या कंपन्या घेतल्या तर 3 टक्के धरणं मला सावध वाटतं. 20 लाखांवर वर्षाला 60,000. 2020 पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उपकरासह 12,480 जातील, उरतील 47,520, म्हणजे महिन्याला 3,960. एका कंपनीचा वर्षाचा लाभांश 10,000 च्या वर गेला की 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला कर, कापला जातो. तो शेवटचा कर नव्हे. कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

‘महिन्याला’ हा शब्दही कागदावरचाच. अंतिम लाभांश वार्षिक सभेत मंजूर होतो आणि मंजुरीपासून 30 दिवसांत द्यावा लागतो, त्यामुळे बरीचशी रक्कम जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. ती वेगळ्या बचत खात्यात साठवून स्वतःच दरमहा ठरावीक पैसे काढा. पहिल्या वर्षीच्या घरखर्चाची सोय मात्र आधीच करून ठेवावी लागेल.

लाभांशाच्या तारखेआधी घाईनं शेअर घेण्यात काही मिळत नाही; एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) भाव साधारण तेवढाच उतरतो आणि कर वर लागतो.

आणि हे निवृत्तीआधीच करा: डीमॅटला, म्हणजे शेअर्स ठेवण्याच्या खात्याला, पगाराचं बँक खातं जोडलेलं असेल तर ते बँक खातं बंद करण्याआधी नवीन खातं नोंदवा. नाहीतर लाभांश परत जातो, न घेतलेला म्हणून पडून राहतो, आणि सात वर्षं कोणी मागितला नाही तर सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो. तिथून सोडवता येतो, पण अर्ज, कागदपत्रं आणि कंपनीची पडताळणी यात बराच काळ जातो.