व्हॅनमधल्या प्रोपेन फर्नेसचा पंखा फिरतो, पण हवा गारच येते. बोर्ड बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलरचा कॅम्पर केलाय, त्यात जुना अमेरिकन फर्नेस (गॅस जाळून गाडी आतून गरम ठेवणारा हीटर) बसवलाय आणि जानेवारीत स्पितीला जायचंय. पंखा लगेच सुरू होतो. इंजिन चालू असेल तर टिकटिक ऐकू येते, बंद असेल तर बहुतेक वेळा नुसता गार वारा. पेटलाच तर काही सेकंदांत विझतो. मेकॅनिक बोर्ड, म्हणजे फर्नेस चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बदला म्हणतोय.

बोर्ड इतक्यात मागवू नका. भोसरीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे आणि हल्ली कॅम्परवालेही येतात. दोष बोर्डातच निघाला असं फार क्वचित होतं. तुमच्याकडे मला दोन वेगळी दुखणी दिसतायत.

या यंत्राचा क्रम ठरलेला असतो. थर्मोस्टॅटनं (तापमान बघणाऱ्या स्विचनं) मागणी केली की पंखा फिरतो. पंख्याच्या वाऱ्यानं एक पातळ पत्र्याची पट्टी ढकलली जाते, तिला सेल स्विच म्हणतात. ती दबली तरच बोर्डाला कळतं की हवा वाहतेय. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ठिणगी पडते (तीच तुमची टिकटिक), आणि पाच-सात सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर बोर्ड गॅस तोडतो. म्हणजे टिकटिक नाही याचा अर्थ गाडं ठिणगीच्या आधीच अडलंय. तिथे सिलिंडर हलवून काही उपयोग नाही.

इंजिन चालू असताना टिकटिक होते, कारण अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) चौदाच्या आसपास व्होल्ट देतो. बंद असताना बॅटरीचे बारा, आणि त्यातले फर्नेसपर्यंत किती पोहोचतात हे बघायला हवं. पंखा सात-आठ अँपिअर ओढतो. दीड स्क्वेअर एमएमची वायर पाच मीटर जाऊन पाच मीटर परत आली, तर जवळपास एक व्होल्ट वायरीतच जातो. वर एखादा सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची जोडपट्टी) किंवा गंजलेली अर्थिंग असली की संपलंच. पंखा फिरताना दिसतो, पण त्याच्या वाऱ्यात पट्टी दाबायची ताकद राहत नाही. म्हणून मीटर बॅटरीवर लावू नका. फर्नेसच्या टर्मिनलवर, पंखा फिरत असताना लावा. तिथे साडेदहाच्या खाली आकडा आला तर चोर सापडला. अकरा-साडेअकरा दिसले तरी मी वायर बदलेन: सहा स्क्वेअर एमएम, फ्यूजसकट, थेट बॅटरीवरून. तापकीर गल्लीत मिळेल, फक्त तांबंच आहे ना ते सोलून बघा.

व्होल्टेज चांगलं असूनही टिकटिक नसेल तर सेल स्विच काढून बघा. पट्टीच्या बिजागरीत केसाची गुंतवळ किंवा कुत्र्याची लव अडकलेली सापडते. स्विच वायरीनं शॉर्ट करून चालवायचा सल्ला कुणी देईल. तसं करून झोपू नका, तो सुरक्षेसाठीच आहे.

आता दुसरं दुखणं, पेटून विझण्याचं. ज्योतीतून अगदी सूक्ष्म करंट इलेक्ट्रोडकडून (बर्नरजवळच्या धातूच्या काडीकडून) बर्नरच्या बॉडीत जातो, त्यावरून बोर्ड ज्योत ओळखतो. इलेक्ट्रोडवर काजळी, त्याच्या चिनीमातीला तडा किंवा बर्नरची अर्थिंग खराब, यातलं काहीही असलं की बोर्डाला ज्योत दिसत नाही. झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, अर्थचा स्क्रू खरवडून घट्ट करा. मग बाहेरच्या धुराड्यात टॉर्च मारा. गाडी पावसाळाभर उभी होती म्हणताय, तर कुंभारीण माशीनं आत मातीचं घरटं केलेलं असू शकतं. हवा कोंडली की ज्योत पिवळी पडते, फडफडते आणि विझते.

रेग्युलेटर घरगुती असेल तर दाब साधारण ३० मिलिबार. या फर्नेसना २८ च्या आसपास लागतो, त्यामुळे तिथे फार बिघडत नाही. जोडण्यांवर मात्र साबणाचा फेस लावून बघाच. हा गॅस हवेपेक्षा जड, तो गाडीच्या तळाशी साचतो. वास आला तर कुठलाही स्विच न दाबता दारं उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय एकही रात्र काढू नका, त्या विषारी वायूला वास नसतो. आतल्या हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची ऊब हवेला देणाऱ्या, धूर वेगळा ठेवणाऱ्या पत्र्याच्या पेटीला) तडा दिसला तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका, फर्नेस भंगारात द्या.

हे सगळं करून पुण्यात तो छान चालेल, पण स्पितीत पुन्हा अडेल. आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही भरपूर असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं, ब्युटेन शून्याच्या जरासं खाली गेलं की द्रवच राहतं. जानेवारीत स्पितीतल्या काझा गावी रात्री सिलिंडर अर्धा भरलेला असूनही दाब येणार नाही. सिलिंडरखाली स्टोव्ह किंवा वर उकळतं पाणी, असले उद्योग तिथले लोक सांगतील, पण करू नका. त्या एका ट्रिपसाठी मी डिझेल हीटर बसवेन. डिझेल भरतानाही थंडीचं डिझेल आहे का ते पंपावर विचारा, आपलं पुण्यातलं टाकीतलं डिझेल तिकडे गोठायला लागतं.

टर्मिनलवरचा आकडा मिळाला की इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.