मलपृष्ठाचे १ लाख ६० हजार घ्यावेत का?

प्रश्न : मी आमच्या गिरिभ्रमण संस्थेचा खजिनदार आहे. बँकेतून निवृत्त, वय ६६. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, आयकराची १२एबी (करमाफीसाठीची) नोंदणीही आहे. सभासद ११५०, वार्षिक वर्गणी ₹५००. आमचं त्रैमासिक सभासदांना टपालाने जातं. चार अंकांचा छपाई-टपालखर्च ₹२ लाख ४८ हजार होतो आणि गेल्या वर्षी संस्थेला एकूण ₹१ लाख १० हजारांची तूट आली. आता एका दुर्गसंवर्धन ट्रस्टने चारही अंकांचं मलपृष्ठ मिळून ₹१ लाख ६० हजारांना मागितलं आहे. निम्मी रक्कम रोख देतो म्हणतात. शिवाय आमच्या अंकातून येणाऱ्या देणग्यांवर १५ टक्के आम्हाला आणि बदल्यात सभासदांची यादी त्यांना. जाहिरातीत ‘१०० टक्के करसवलत’ असं लिहिलंय. क्यूआर कोड स्कॅन केला तर ट्रस्टऐवजी एका व्यक्तीचं नाव आलं. आमच्या एका सभासदाने दाखवून दिलं की मजकुरात नाव एका आडबाजूच्या गडाचं आहे, फोटो मात्र लोहगडच्या विंचूकाट्याचा, म्हणजे त्या गडाच्या नांगीसारख्या लांब सोंडेचा. मागितल्यावर त्यांनी एका वर्षाचा हिशेब पाठवला, तो सोबत जोडलाय. कार्यकारिणीत दोन तट पडलेत. मीही या ट्रस्टला ₹२५ हजार देऊन कर वाचवायचा विचार करत होतो. काय करावं?

उत्तर : आहे त्या स्वरूपात हा प्रस्ताव घेऊ नका. ट्रस्ट खोटा आहे असा निकाल मी इथे बसून देत नाही, तो मला देताही येणार नाही. पण तुम्ही पाठवलेले कागद पाहता, तुमच्या संस्थेला या पैशांत जेवढं मिळतं त्याहून जास्त गळ्यात पडतं.

हिशेबापासून सुरुवात करते, कारण तुम्ही बँकेतले. आकडे तुम्हाला माझ्याइतकेच कळतात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाचा ताळेबंद शेड्यूल आठच्या नमुन्यात असतो आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक शेड्यूल नऊच्या. नऊमध्ये ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ हे सदर वेगळं दाखवावं लागतं. त्या ओळीवर बोट ठेवा. ट्रस्टचं वर्षाचं उत्पन्न ₹९ लाख ४० हजार, उद्दिष्टांवर खर्च ₹१ लाख ८५ हजार. म्हणजे रुपयातले वीस पैसे गडांपर्यंत पोचले. ‘प्रचार, प्रवास व इतर’ या एकाच ओळीत ₹५ लाख ६० हजार. आता तुमच्या मलपृष्ठाची किंमत या शेजारी ठेवून बघा : वर्षभरात गडांवर जेवढं खर्च केलं, जवळजवळ तेवढंच ते एका त्रैमासिकाच्या पाठीमागच्या पानावर घालायला निघालेत. ते पैसे येणार कुठून? तुमच्याच सभासदांनी दिलेल्या देणग्यांतून.

ताळेबंदात आणखी एक ओळ आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली नसेलच : ‘विश्वस्तांना आगाऊ रक्कम ₹१ लाख २० हजार’. कामासाठी उचल दिली असेल आणि पुढच्या वर्षी ती मिटली असेल, तर हरकत नाही. म्हणूनच एका वर्षाचा हिशेब पुरत नाही. तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागा आणि ती उचल वर्षागणिक वाढतेय की कमी होतेय ते पाहा.

निम्मी रक्कम रोख देऊ करणं मात्र मला पटत नाही. ₹३० हजारांच्या वरचं जाहिरातीचं बिल देताना ट्रस्टला आयकर कायद्याच्या १९४सी कलमाखाली टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो. १ लाख ६० हजारांवर दोन टक्क्यांनी ₹३,२०० होतात. शिवाय एका दिवसात एकाला ₹१० हजारांहून जास्त रोख दिली, तर धर्मादाय संस्थेला तो खर्च आयकरात उद्दिष्टांसाठी वापरलेला म्हणून धरता येत नाही. ज्याला हिशेब दाखवायचा आहे तो स्वतःहून तुमचा पॅन मागतो, टीडीएस कापतो आणि चेक देतो. ₹८० हजारांच्या नोटा देऊ करणाऱ्याचा खर्च वहीत कसा येणार, हे त्यांना एकदा विचाराच. (कलमांचे क्रमांक मी १९६१ च्या कायद्यातले देतेय, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलतात.)

जाहिरातीतली ‘१०० टक्के करसवलत’ तर सरळ चुकीची आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या ठरावीक निधींना दिलेल्या देणगीची पूर्ण वजावट मिळते. सर्वसाधारण खासगी ट्रस्टच्या बाबतीत ८०जी या देणगीच्या कलमाखाली निम्म्याच रकमेची, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. कोणी ₹१० हजार दिले, तर वजावट ₹५ हजारांची. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा सेससह कर वाचतो ₹१,५६०. तेही त्याने जुनी करप्रणाली निवडली असेल आणि पैसे रोख दिले नसतील तर. ₹२,००० च्या वरच्या रोख देणगीला ही सवलत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी नाहीच. म्हणजे तुमच्या अनेक सभासदांना सवलत शून्य. त्यातला एखादा सीए निघाला, तर पत्र ट्रस्टला नाही, तुमच्या संपादकांना येईल.

आता कागद. पडताळणी म्हणून लोक नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक पुढे करतात. तो संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवर मिळतो. प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून त्याचा उपयोग नाही. धर्मादाय नोंदणी क्रमांकही, ई अक्षराचा असो वा एफ, संस्था अस्तित्वात आहे एवढंच सांगतो. त्यापुढचं हवं : धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला शेड्यूल एकचा ताजा उतारा, म्हणजे आजचे विश्वस्त कोण ते कळेल. पत्रावर सही करणाऱ्याचं नाव त्यात नसेल, तर चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, दाखल झालाय का ते विचारा. ८०जीची नोंदणी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅन टाकून तुम्ही स्वतः तपासा. त्यांनी पाठवलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. आणि मागच्या वर्षीचं एखादं १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र मागा, देणगीदाराचं नाव झाकून चालेल. २०२१-२२ पासून ट्रस्टला आयकर खात्याकडे देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र भरून प्रत्येक देणगीदाराला हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते नसेल, तर नुसत्या छापील पावतीवर देणगीदाराच्या हाती काही लागत नाही.

क्यूआर कोडवर व्यक्तीचं नाव येणं हा दर वेळी लबाडीचाच पुरावा नसतो. छोट्या संस्थांत कुणाचं तरी वैयक्तिक यूपीआय वापरून काम भागवलं जातं, ट्रस्टच्या खात्याच्या सह्या नि ठराव करायचा कंटाळा म्हणून. पण तुमच्या अंकात तो कोड छापायचा नाही. ट्रस्टच्या नावाच्या खात्याचा नवा कोड मागा, तुमच्याच फोनवरून एक रुपया पाठवा, समोर कोणतं नाव येतं ते पाहा आणि मगच पान छपाईला सोडा.

फोटोची बाब मला सगळ्यात बोलकी वाटली. विंचूकाटा ओळखायला तुमच्या सभासदांना मजकूर वाचावा लागत नाही, आणि नेमक्या त्यांच्यासमोर हा फोटो दुसऱ्या गडाच्या नावाने ठेवलाय. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यानंतर गडांच्या नावाने पैसे मागणं सोपं झालंय. त्या बारांतले लोहगड, शिवनेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे; साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. संरक्षित गडावर तटबंदी बांधतो, बुरुज सावरतो म्हणणाऱ्या कुणाकडेही त्या खात्याची लेखी परवानगी असायला हवी. तुमच्या ट्रस्टने ‘तटबंदीचे पुनर्निर्माण’ असं छापलंय. परवानगीची प्रत मागा. ही तपासणी माझ्यासारखीपेक्षा तुमचे जुने सभासदच चांगली करतील. ज्या गडावर काम केलं म्हणतात तिथे येत्या रविवारी चौघांनी जाऊन यावं आणि काय झालंय ते फोटोसह कार्यकारिणीपुढे ठेवावं. (टाकी उपसायला, वाटा मोकळ्या करायला सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने जाणारे गट मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी मलपृष्ठ विकत घेतल्याचं ऐकिवात नाही.)

१५ टक्के आणि यादी, या दोन्हींना नकार, ट्रस्ट कितीही स्वच्छ निघाला तरी. सभासदाने हजार रुपये गडासाठी म्हणून दिले आणि त्यातले दीडशे गुपचूप त्याच्याच संस्थेच्या खात्यात आले, तर तुम्ही जाहिरात छापणारे राहत नाही, देणगी गोळा करणारे होता. छापून सांगायची तयारी असेल तर बोला. नसेल तर विषय संपला. यादीसाठी सभासदांची संमती हवी. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच झालाय. तुमचे काही सभासद परदेशात असतील, तर आणखी एक भानगड : परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी परकीय योगदान ठरते, त्यासाठी ट्रस्टला एफसीआरए (परकीय योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला ही अट नाही. हा फरक जाहिरातीत कोण समजावणार?

तुमच्या स्वतःच्या कराचंही बघा. तुमची १२एबी नोंदणी ‘सार्वजनिक उपयोगिता’ या सदरात असेल, तर व्यावसायिक स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते. ती ओलांडली की त्या वर्षाची करमाफी जाते. तुमच्या पत्रकात वर्गणी ₹५ लाख ७५ हजार, व्याज व देणग्या ₹१ लाख १० हजार, सध्याच्या जाहिराती ₹६५ हजार. एकूण साडेसात लाख. जाहिरातींचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास. हे मलपृष्ठ घेतलंत की जाहिराती ₹२ लाख २५ हजार, एकूण जमा ₹९ लाख १० हजार, म्हणजे जवळपास २५ टक्के. वर कमिशन आलं तर अजून. तुमचं सदर नेमकं कोणतं, ते संस्थेच्या सीएंकडून लिहून घ्या. हे उत्तर माझ्याकडून घेण्यासारखं नाही. जीएसटीची चिंता नको, वीस लाखांच्या खूप खाली आहात.

मग तूट? वर्गणी ₹६०० करा. पन्नास जण सोडून गेले असं धरा : ११०० गुणिले ६०० म्हणजे ₹६ लाख ६० हजार, आजच्यापेक्षा ८५ हजार जास्त. पन्नास प्रती कमी झाल्या. कागद-टपालाचे प्रतीमागे ₹३० धरले, तर चार अंकांचे ६ हजार वाचले. दोनशे सभासदांनी छापील अंकाऐवजी पीडीएफ घेतली, तर आणखी २४ हजार. बेरीज १ लाख १५ हजार, तूट १ लाख १० हजार. काठावर आहे, पण पुढच्या वर्षी ट्रस्टने पान सोडलं तर खड्डा पडेल अशी भीती यात नाही. वर्गणी वाढवायला सर्वसाधारण सभेत बोलणी खावी लागतील, ती खा. तोवर मलपृष्ठ बूट, सॅक, तंबू विकणाऱ्या दुकानदारांना अंकागणिक विकून बघा. वीस टक्क्यांचा हिशेब त्यांच्या पैशांनाही लागू आहे, एवढं लक्षात ठेवून.

ट्रस्टने सगळे कागद दिले, गडावर काम दिसलं, कोड बदलला, कराची ओळ आणि फोटो काढला, तर साधी जाहिरात तुमच्या नेहमीच्या दराने, एका अंकापुरती, चेकने घ्या. कागदांसाठी पंधरा दिवसांची मुदत लेखी द्या. कार्यकारिणीने तरीही बहुमताने सगळा प्रस्ताव मंजूर केला, तर तुमचा विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्या; खजिनदार म्हणून वहीवर सही तुमची असते.

राहिले तुमचे ₹२५ हजार. तुम्ही कळवल्याप्रमाणे तुमचं पेन्शन नि व्याज मिळून ₹६ लाख ८० हजार, आणि तुम्ही नव्या प्रणालीत आहात. २०२५-२६ पासून तिच्यात बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. तुमचा कर वाचण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो लागतच नाही. गडांसाठी द्यायचेच असतील, तर जिथे तुम्ही स्वतः घमेली उचलली आहेत अशा गटाला अवजारांचं बिल परस्पर दुकानात चुकतं करून द्या, आणि तेही एकदम २५ नको. आधी पाच द्या.