सशाचे कान, गुलाबी गोळा आणि अननसाची पातळ जेली

तुमचे तीन प्रश्न होते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये गुलाबी रंगाचे दोन थेंब पडताच त्याचा गोळा का झाला, अननसाची जेली रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही सरबतच का राहिली, आणि सशांचे कान साच्यातच का अडकले. पार्टी पुढच्या शनिवारी आहे आणि मुलं पंचवीस. म्हणजे एक फेरी सरावाला मिळते, पुरेसं आहे.

आधी एक सांगते, पहिल्या दोन्ही ठिकाणी तुमचा हात चुकलेला नाही. एकदा बाटली चुकली, एकदा फळ.

गुलाबी गोळ्याचं कारण पाणी. चॉकलेट वितळल्यावर पातळ दिसतं म्हणून त्यात पाणी असेल असं वाटतं, पण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि दुधाच्या पावडरीचे बारीक कण स्निग्धांशात तरंगत असतात, इतकंच. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता कणकेसारखा गोळा होतो. गंमत अशी की दोन थेंबांनी बिघडतं आणि भरपूर द्रव घातला तर सुधारतं. त्या गोळ्यात गरम साय किंवा दूध चमचा-चमचा घालून ढवळत राहा, छान गुळगुळीत सॉस होईल. साच्यात मात्र तो आता जमणार नाही.

केकच्या क्रीमला वापरतो ते द्रव आणि जेल रंग पाण्यातले किंवा ग्लिसरीनमधले असतात. चॉकलेटसाठी तेलात विरघळणारा रंगच हवा. बाटलीवर ‘ऑइल बेस्ड’ किंवा ‘चॉकलेटसाठी’ असं लिहिलेलं असतं. तो मिळाला नाही तर फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून वाळवलेल्या स्ट्रॉबेरीची कोरडी पूड चाळून घाला. रंग फिका येतो, मधे बारीक ठिपके दिसतात, पण चव खरी लागते. मला तर ते ठिपकेवाले ससेच जास्त आवडतात.

पाणी इतर वाटांनीही शिरतं. डबल बॉयलरमध्ये वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या, म्हणजे वाफ कडेने आत येणार नाही, आणि त्याचा तळ उकळत्या पाण्याला टेकू देऊ नका. लाकडी चमचा आतून ओला राहतो, सिलिकॉनचा स्पॅच्युला बरा. साचे आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा. आणि वितळलेल्या चॉकलेटवर झाकण कधीही ठेवू नका. हे शहाणपण मला अर्धा किलो डार्क चॉकलेट घालवून आलंय: दाराची बेल वाजली म्हणून मी झाकून गेले आणि परत येऊन झाकण उचललं तेव्हा वाफेचं सगळं पाणी आत निथळलं.

मायक्रोवेव्ह असेल तर तोच वापरा. अर्ध्या पॉवरवर २०-३० सेकंद, बाहेर काढून ढवळायचं, परत २०-३० सेकंद. तीन-चार तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते ढवळण्याच्या उष्णतेत विरघळतात.

आता कान. खरं चॉकलेट, म्हणजे ज्यात कोको बटर आहे ते, नुसतं वितळवून ओतलं तर साच्याला चिकटतं. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि आपल्याला त्यातला पाचवाच हवा असतो. तो झाला की चॉकलेटला चकाकी येते, मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो आणि गोठताना ते किंचित आकसतं. त्या आकसण्यामुळेच ते साच्यातून सुटतं. हे जमवून आणणं म्हणजे टेंपरिंग.

घरी सोपी पद्धत अशी. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सियसपर्यंत वितळवा, मिल्क आणि व्हाइट ४५ च्या पुढे नेऊ नका. आच बंद करून, वितळवलेल्याच्या साधारण एक तृतीयांश न वितळवलेलं, बारीक चिरलेलं चॉकलेट त्यात घाला आणि ढवळत राहा. तापमान उतरत डार्क ३१-३२, मिल्क २९-३०, व्हाइट २८-२९ वर आलं की ओतायला तयार. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा, थंड खोलीत चार-पाच मिनिटांत ते चमकदार गोठलं तर जमलं. रेघारेघांचं, मऊ राहिलं तर अजून थोडं ढवळा.

पण तुम्हाला पंचवीस मुलांसाठी शंभर तुकडे करायचे आहेत आणि ही पहिलीच वेळ आहे. माझं मत विचाराल तर यावेळी कंपाऊंड घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, टेंपरिंगची भानगड नाही, वितळवा आणि ओता. चव खऱ्या चॉकलेटइतकी खोल नसते हे मान्य, पण मुलं आधी अस्वलाचं डोकं खातात की पाय यावर भांडत असतात, कोकोच्या टक्केवारीवर नाही. मोठ्यांसाठी वेगळा लहान घाणा खऱ्या चॉकलेटचा करा. फक्त दोन्ही एकत्र मिसळू नका. दोघांचे स्निग्धांश एकमेकांशी जुळत नाहीत, मिश्रण मऊ राहतं आणि नंतर वर पांढरट थर धरतो.

कानांचं दुसरं कारण साच्याची खोली. वरून एकदम ओतलं की अरुंद कानाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि कान पोकळ राहतो. आधी टूथपिकने किंवा बारीक ब्रशने फक्त कान भरा, साचा ओट्यावर चार-पाच वेळा आपटा, मग अंग भरा आणि पुन्हा आपटा. फ्रीजमध्ये १०-१५ मिनिटं पुरतात. फ्रीझर नको, बाहेर काढल्यावर हवेतली वाफ थंड चॉकलेटवर जमते, साखर विरघळून परत वाळते आणि खरखरीत पांढरे डाग पडतात. काढताना साच्याच्या कडा चारी बाजूंनी सैल करा, साचा पालथा धरा आणि पोटाच्या मागून दाबा. कानाला धरून ओढायचं नाही.

खरं तर ससा बदलाच असं मी म्हणेन. साचा घेताना ‘याचा सगळ्यात बारीक भाग कुठला’ एवढंच बघायचं. अस्वल, बेडूक, घुबड, कासव, पेंग्विन हे सगळे गोलमटोल, मोडायला काहीच नाही. हत्तीची सोंड पोटाला चिकटलेली असेल तर चालेल, हवेत उचललेली असेल तर नको. जिराफाच्या वाटेलाच जाऊ नका. ऑस्ट्रेलियातला फ्रेडो नावाचा चॉकलेटचा बेडूक १९३० पासून विकला जातोय, त्याचा आकार एकदा बघा. चपटा, रुंद, हातपाय अंगालगत. इतकी वर्षं उगाच नाही टिकला.

गोंडसपणाही साध्या गोष्टींत असतो. कोन्राड लोरेन्झ या प्राणिवर्तन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, खाली बसवलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की माणसाला माया वाटते. म्हणजे डोळे चेहऱ्याच्या मधल्या रेषेच्या खाली आणि एकमेकांपासून लांब काढा, नाक-तोंड त्यांच्यामध्ये अगदी लहान. डोळे वर आणि जवळजवळ गेले की तेच अस्वल संशयी दिसायला लागतं. माझ्या पहिल्या घाण्यातली सगळी अस्वलं कर्ज वसूल करायला आल्यासारखी दिसत होती.

रंगीत चेहरा हवा असेल तर तो साच्यातच रंगवायचा, आणि इथे जवळपास सगळे उलटं करतात. साच्याच्या तळाला जे जातं ते शेवटी सगळ्यात वर येतं. म्हणून जे समोर दिसायला हवं ते आधी भरायचं: प्रथम बुबुळातला पांढरा चमकीचा ठिपका, तो गोठला की काळं बुबुळ, ते गोठलं की डोळ्याचा पांढरा भाग, आणि शेवटी अंगाचं तपकिरी. टूथपिक किंवा बटर पेपरचा बारीक कोन घ्या. प्रत्येक थराची ओली चमक जाऊन तो मंद दिसू लागला की पुढचा घाला. फ्रीजमध्ये घालून गारठवलात तर पुढचा थर त्याला धरत नाही आणि अस्वल बाहेर येतं, डोळे साच्यात राहतात. हे वेळखाऊ काम आहे. शंभरच्या शंभर असे करू नका, प्रत्येक मुलामागे एक रंगवलेला आणि बाकी साधे.

साचाच नसेल तरी अडत नाही. बटर पेपरवर चॉकलेटची चकती, वर दोन लहान चकत्या वितळलेल्या चॉकलेटने चिकटवल्या की अस्वल. धुऊन पूर्ण कोरडी केलेली स्ट्रॉबेरी आडवी धरून मागचा भाग चॉकलेटमध्ये बुडवा, त्यावर चॉकलेटचा कीस लावा, टोकाच्या बाजूला दोन डोळे, झाला साळिंदर. ताजं फळ मात्र त्याच दिवशी करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. रात्रभरात फळाला पाणी सुटतं आणि चॉकलेटचं आवरण घसरतं.

आता अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन प्रथिनच आहे, म्हणून तुम्ही कितीही जिलेटिन घातलं असतं तरी ते रात्रभर कापलंच गेलं असतं. पपई, किवी आणि अंजिराचंही तसंच. रस दोन-तीन मिनिटं चांगला उकळला की एन्झाइम निकामी होतं. मग थोडा निववून जिलेटिन घाला. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो थेट चालतो.

जिलेटिनच्या चिवट कॅंडीसाठी २०० मिली गाळलेला रस, ६० ग्रॅम साखर आणि २०-२४ ग्रॅम जिलेटिन. हे प्रमाण नेहमीच्या जेलीच्या मानाने खूप वाटेल, पण चावताना रबरासारखा ताण त्यानेच येतो. जिलेटिन अर्ध्या गार रसात दहा मिनिटं फुगू द्या, उरलेला रस आणि साखर गरम करून त्यात मिसळा, विरघळलं की थांबा. उकळू नका, उकळून त्याची पकड कमी होते. दोन अडचणी लक्षात ठेवा. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, तेव्हा पाहुण्या मुलांच्या घरी आधी विचारा. आणि ते तिशीच्या आसपासच्या तापमानाला मऊ पडून चिकट होतं, उन्हात पार्टी असेल तर प्लेटमध्ये एकच मोठं बहुरंगी अस्वल उरेल.

अगर-अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासूनची जमवणारी पूड, हा शाकाहारी मार्ग. त्याला अननसाचं एन्झाइम काही करू शकत नाही आणि एकदा जमलं की ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. पण ते ताणत नाही, चावलं की तुटतं. पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा आणि आंबट फळाचा गर नंतर, कोमट करून घाला. आंबटाबरोबर उकळलं तर पकड सैल होते. गर फ्रीजमधून थेट ओतला तर जागीच गुठळ्या होतात.

मी स्वतः मात्र फळांच्या कॅंडीला पेक्टिनच, म्हणजे फळांतूनच काढलेली जमवणारी पूड, वापरते. चव सगळ्यात ताजी, साच्यातल्या मिशांपर्यंत रेषा स्वच्छ येते आणि बाहेर वितळत नाही. कॅंडीसाठी असतं ते यलो पेक्टिन घ्या, कमी साखरेच्या जॅमचं वेगळं असतं. गाळलेला गर २५० ग्रॅम, साखर २७५, लिक्विड ग्लुकोज ६०, पेक्टिन ६ आणि सायट्रिक अॅसिड ३-४ ग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून. पेक्टिन २५ ग्रॅम साखरेत कोरडं मिसळून मगच कोमट गरात घाला, नाहीतर गाठी होतात आणि त्या फुटत नाहीत. उकळी आली की उरलेली साखर आणि ग्लुकोज, आणि ढवळत १०७ अंशांपर्यंत. इथे थर्मामीटर लागतोच, अंदाजावर जाऊ नका. आच बंद, अॅसिड घाला, दहा सेकंद ढवळा आणि लगेच ओता. अॅसिड पडलं की घड्याळ सुरू होतं, साचे आधीच मांडून ठेवा. आठ-नऊ ग्रॅमचे पन्नासेक तुकडे होतात. साखरेत घोळवण्याची घाई करू नका, एक दिवस उघड्यावर सुकू द्या, नाहीतर साखर पाणी होऊन जाते.

चॉकलेटच्या कवचात जेलीचं पोट असलेलं कासव करायचं असेल तर हीच सुकवलेली पेक्टिनची कॅंडी आत घाला. जिलेटिन किंवा अगरच्या ओल्या जेलीला नंतर पाणी सुटतं, आणि मग पुन्हा तेच.

चार वर्षांखालची मुलं येणार असतील तर गोल, टणक, गुळगुळीत तुकडे त्यांच्या हाती देऊ नका. घशात अडकायला तोच आकार सगळ्यात वाईट. कोंजॅक या कंदापासून केलेल्या, लहान कपातल्या जेलीवर युरोपीय संघाने बंदी घातली ती याच धोक्यामुळे. लहानांसाठी चपटे साचे वापरा, जेली कापून द्या. टूथपिक कुठेही आत राहू देऊ नका, आणि दाणे-बदाम डोळ्यांसाठीसुद्धा वापरणार असाल तर ती प्लेट वेगळी ठेवा. तयार मिळणाऱ्या साखरेच्या डोळ्यांत अंड्याचं पांढरं असू शकतं, पाकीट वाचा.

वेळेचं म्हणाल तर चॉकलेटचे प्राणी सोमवार-मंगळवारीच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड कोरड्या जागी, फ्रीजबाहेर ठेवा. पेक्टिन बुधवारी, साखरेत घोळवणं गुरुवारी. जिलेटिन केलंत तर शुक्रवारी. स्ट्रॉबेरीची साळिंदरं शनिवारी सकाळी.

कान तुटलेले ससे फेकू नका. वितळवून परत साच्यात जातात. गुलाबी, पिवळे, पांढरे एकत्र वितळले की रंग मात्र मातकट होतो. ससे कंपाऊंडचे असतील तर त्यात थोडं डार्क कंपाऊंड घाला, खऱ्या चॉकलेटचे असतील तर डार्क चॉकलेट, आणि त्याची अस्वलं करा.