वाचकांचे प्रश्न : छोट्या पडद्यावरचा समलिंगी पुरुष

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाने गेल्या वर्षी आपण समलिंगी असल्याचे आम्हाला सांगितले. घरातल्या सर्वांनी, त्याच्या आजीनेही, ते समजून घेतले. मात्र संध्याकाळी टीव्हीवर एखाद्या विनोदी कार्यक्रमात कंबर हलवत लाडिक बोलणारा पुरुष आला आणि हशा पिकला, की तो उठून आत जातो. ‘विनोदच आहे, मनाला लावून घेऊ नकोस,’ असे त्याचे वडील म्हणतात. बरोबर कोणाचे? इतर देशांतही असेच दाखवतात का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आपल्या मुलाचे बरोबर आहे. पुरुषाने स्त्रीवेष घेणे किंवा नाजूक हावभाव करणे यात मुळात हसण्यासारखे काही नाही, हे महाराष्ट्राला तरी कोणी सांगायला नको. बालगंधर्व रंगमंचावर आले की प्रेक्षक हसत नसत. त्यांच्या साडी नेसण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया हौसेने करीत. आजच्या प्रहसनातला पुरुष मात्र दोन मिनिटांसाठी येतो, नायकाच्या अंगचटीला जातो, नायक किळस आल्यासारखा मागे सरतो आणि नेमका तेथेच हशा येतो. म्हणजे लोक त्याच्या बोलण्याला हसत नाहीत, त्याच्या स्पर्शाच्या किळसेला हसतात, आणि आपल्या मुलाला ते अचूक कळते. समलिंगी पुरुषांत नाजूक हावभावांचे कोणी नसतात, असे मी म्हणत नाही, आणि त्यांनी ते लपवावेत असेही मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की त्या पात्राला घर, नोकरी, आईवडील, प्रेम यांपैकी काहीच दिलेले नसते.

इतर देशांतही दीर्घकाळ हेच चालले. त्यातही ब्रिटनचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, कारण तेथला बदल घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या कौटुंबिक मालिकेतून आला. पूर्व लंडनमधल्या एका चौकातील कुटुंबांची ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका बीबीसीने १९८५ मध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी तीत कॉलिन रसेल नावाचा ग्राफिक डिझायनर राहायला आला. तो समलिंगी होता, परंतु त्याला कोणाला हसवण्यासाठी आणलेले नव्हते. बाकीच्या रहिवाशांसारखाच तो एक रहिवासी होता. १९८७ मध्ये त्याचा जोडीदार बॅरी आणि तो यांच्यात कपाळावरचे एक ओझरते चुंबन दाखवले, तर वृत्तपत्रांनी गहजब केला. १९८८ मध्ये तर स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करण्यास मनाई करणारे कलम २८ संसदेने संमत केले. अशा वातावरणात हे पात्र लोकांच्या दिवाणखान्यात येत राहिले. कॉलिनची भूमिका करणारे मायकेल कॅशमन स्वतः समलिंगी होते, आणि १९८९ मध्ये त्या कलमाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘स्टोनवॉल’ या संघटनेच्या संस्थापकांत ते होते. इंग्लंडमध्ये ते कलम रद्द व्हायला २००३ साल उजाडले. कॉलिनमुळे कायदा बदलला, असा दावा मी करणार नाही, पण ज्याला आपण ओळखतच नाही अशा माणसाचा तिरस्कार करणे सोपे असते, आणि आठवड्यातून दोनदा भेटणारा शेजारी अनोळखी राहत नाही.

आपल्याकडे स्टार प्लसवर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ या मालिकेत गौरव हा समलिंगी पुरुष प्रमुख पात्रांपैकी एक होता; घरच्यांच्या दडपणापोटी त्याचे लग्न एका मुलीशी झालेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील सहमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर वेबमालिकांनी बरेच धाडस दाखवले, परंतु आजीसह सगळे घर एकत्र बसून पाहते त्या मालिकांनी ते फारसे दाखवलेले नाही, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक सुचवतो. मनोरंजन वाहिन्यांवरील आक्षेपार्ह मजकुराबद्दल ‘ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल’कडे प्रेक्षकाला तक्रार करता येते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा होते; समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विषयीचा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल देणाऱ्या खंडपीठातही तेच होते. कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख आणि वेळ लिहून तक्रार पाठवावी. मुलाच्या वडिलांनी तीवर सही केली, तर मुलाला ते फार मोलाचे वाटेल.

प्रश्न : मी मालिकांचे संवाद लिहितो. नायिकेचा भाऊ समलिंगी दाखवावा असे मी सुचवले, तेव्हा ‘प्रेक्षक वाहिनी बदलतील’ असे उत्तर मिळाले. मी काय करावे?
– एक लेखक, मुंबई

उत्तर : ही भीती खोटी नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये ‘थर्टीसमथिंग’ मालिकेत दोन पुरुष पलंगावर नुसते बोलत बसलेले दाखवले, एकमेकांना स्पर्शही न करता, तर जाहिरातदारांनी माघार घेतली आणि वाहिनीला दहा लाख डॉलरहून अधिक फटका बसला. तरीही २००० मध्ये ‘डॉसन्स क्रीक’मध्ये दोन तरुणांचे चुंबन दाखवले गेले, कारण ते वगळल्यास आपण काम सोडू, असे लेखक ग्रेग बर्लांटी यांनी बजावले होते. आपण नोकरी पणाला लावावी असे मी सांगणार नाही. मात्र या भावाला ‘विषय’ म्हणून आणू नका. आधी शंभर भाग तो बहिणीचा पाठीराखा, जमिनीच्या वादात वडिलांना सुनावणारा, दुकानाचा हिशेब ठेवणारा भाऊ असू द्या, मग त्याच्यासाठी स्थळ येऊ द्या. त्या प्रसंगी ढगांचा गडगडाट आणि तीनदा वळणारा कॅमेरा नको. त्याला स्वतःच्या तोंडाने बोलू द्या, आणि ज्या मुलीचे स्थळ आले आहे तिलाही फसवले जाऊ नये, ही काळजी त्याच्याच संवादात येऊ द्या. संहिता लिहून झाली, की मुंबईत १९९४ पासून समलिंगी समुदायासाठी काम करणाऱ्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्थेतल्या कोणाला तरी ती चित्रीकरणापूर्वी वाचायला द्या, कारण एकदा प्रसंग चित्रित झाला, की शब्द बदलायला सेटवर कोणालाच सवड नसते.