पब रॉकमधला ‘पब’

प्रश्न असा आला आहे: ‘डॉ. फीलगुड’ या इंग्लिश बँडवरच्या मराठी लेखात ‘पब रॉक’ला ‘मद्यालयीन रॉक’ म्हटलं तर चालेल का? आणि बँडच्या नावाचं ‘डॉ. आनंदी’ करावं का?

दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’. पहिल्या ‘नाही’ला जरा जागा लागेल.

‘मद्यालयीन’ला परिपत्रकाचा वास येतो ही तक्रार दुय्यम. खरी अडचण ‘पब’चीच आहे. पुण्या-मुंबईत पब म्हटलं की डीजे, दारावरचा बाउन्सर आणि खिसा हलका करणारं बिल डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडातला पब म्हणजे ‘पब्लिक हाऊस’. गल्लीच्या कोपऱ्यावरची, संध्याकाळी शेजारीपाजारी भेटतात ती जागा. ‘गुत्ता’ म्हणावं तर बदनामी चिकटते, ‘बार’ला आपल्याकडे काळोख चिकटलेला. त्यातल्या त्यात जवळचा गोव्यातला ‘तावेर्न’, पण तो घाटावर कितीजणांना कळेल? तेव्हा ‘पब’च ठेवावं, मात्र कोणता पब ते एका वाक्यात सांगून टाकावं.

सांगायला हवंच, कारण ही संज्ञा सुरांवरून नाही, जागेवरून पडली आहे. आपण बैठकीची लावणी आणि फडाची लावणी म्हणतो, तशी. (साम्य एवढ्यापुरतंच. बैठकीची अदब पबात शोधू नये.) १९७० च्या आसपास रॉक मोठमोठ्या सभागृहांत गेलं, गाणी लांबली, वाद्यांचा पसारा वाढला. याच्या उलट, १९७१ मध्ये एग्ज ओव्हर ईझी हा अमेरिकी बँड लंडनच्या केंटिश टाउनमधल्या ‘टॅली हो’ पबात वाजवू लागला. पाठोपाठ ब्रिन्सली श्वार्ट्झसारखे बँड आले. कुणी कंट्रीकडे, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताकडे झुकलेला, कुणी रिदम अँड ब्लूजकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूजमधून आलेल्या ठेक्याच्या संगीताकडे. समान काय, तर गायकाचा घाम पहिल्या रांगेवर उडेल इतकं अंतर.

डॉ. फीलगुड हे १९७१ सालचेच, पण लंडनचे नव्हेत. एसेक्समधलं कॅन्व्ही बेट त्यांचं गाव: थेम्सच्या मुखाशी, तेलाच्या टाक्यांशेजारी, १९५३ च्या पुरात बुडालेलं. या मुलखाला ते गमतीनं ‘थेम्स डेल्टा’ म्हणत, कारण ब्लूजचं माहेर म्हणजे अमेरिकेतला मिसिसिपी डेल्टा. इथे ‘त्रिभुज प्रदेश’ लिहिण्याचा मोह होईल, तो आवरा. शाळेतल्या भूगोलाप्रमाणे थेम्सला त्रिभुज प्रदेश नाही, खाडी आहे. आणि ब्लूजवाला मिसिसिपी डेल्टाही त्या नदीच्या मुखाशी नसून बराच वर, आतल्या भागात आहे. विनोद ‘डेल्टा’ या शब्दात आहे, म्हणून शब्द तोच हवा. उलट ‘डाऊन बाय द जेटी’ या त्यांच्या १९७५ च्या पहिल्या अल्बमची काही अडचण नाही. जेटी आपल्या कोकणातही जेटीच.

आता नाव. २००४ च्या निवडणुकीपासून ‘फील गुड’ आपल्या कानांवर आहे, त्यामुळे हा कुणी प्रसन्न डॉक्टर असावा असं वाटतं. इंग्रजी बोलीत मात्र ‘डॉ. फीलगुड’ म्हणजे मागेल त्याला नशेची औषधं लिहून देणारा डॉक्टर. बँडनं ते उचललं पियानो रेड या अमेरिकी ब्लूज गायकाच्या १९६२ च्या गाण्यावरून. इंग्लंडात जॉनी किड आणि पायरेट्सनीही ते गायलं होतं. दुसऱ्या अल्बमचं नाव ‘मालप्रॅक्टिस’, म्हणजे डॉक्टरी पेशातला गैरप्रकार. ‘डॉ. आनंदी’ केलंत की हा सगळा धागा तुटला.

गिटारवाला विल्को जॉन्सन इंग्रजीचा पदवीधर, जुन्या आइसलँडिक कथांचा अभ्यास केलेला, खुष्कीच्या मार्गानं भारतात येऊन गेलेला. शब्दांशी असा खेळ करणाऱ्यांच्या नावाचं भाषांतर करताना दोनदा विचार करावा.

आणखी एक. १९७६ मध्ये त्यांचा ‘स्टुपिडिटी’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तो होता मोठ्या मैफलींत ध्वनिमुद्रित केलेला. जागा सुटली तरी नाव सुटलं नाही. आजही त्यांना पब रॉकवालेच म्हणतात. म्हणून ‘पबमध्ये वाजणारं रॉक’ असा अर्थ उलगडून लिहिलात तर १९७६ नंतरचं वाक्य चुकेल. मी असं लिहीन: ‘कोपऱ्यावरच्या साध्या पबांत वाढलेल्या, म्हणून पब रॉक म्हणवणाऱ्या संगीतातला डॉ. फीलगुड हा कॅन्व्ही बेटावरचा बँड.’