दुसऱ्या नंबरचं मॅगझिन

मागच्या अंकात टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळच्या आमच्या नेमबाजीच्या रेंजबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतो. मी वकील नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं स्प्रिंगा तपासल्या, इथे येऊनही पोटापाण्याला तेच केलं, आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी रेंजवर लोकांची बोटं चापापासून लांब ठेवायचं काम करतो. उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : माझं गॅस स्टेशन आहे. रात्री अकरानंतर गल्ला घेऊन एकटाच गाडीपर्यंत जातो. कमरेला मोठं पिस्तूल लावून दिवसभर काउंटरवर बसवत नाही. खिशात मावेल असं .३८० मापाच्या काडतुसाचं पिस्तूल अडीचशे डॉलरला मिळतंय. मित्र म्हणतो, ही खेळणी ऐन वेळी अडकतात. खरं आहे का? आणि पैसे वसूल होतील का? (एक वाचक, केटी)

उत्तर : अडकतात. सगळी नाही, पण मोठ्यांपेक्षा जास्त. का, ते समजून घ्या, म्हणजे तुमचं अडकणारं आहे की नाही हे तुम्हालाच महिनाभरात कळेल.

गोळी सुटली की वरची स्लाइड मागे धावते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतलं, पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलते. मोठ्या पिस्तुलात स्लाइड जड असते, धाव लांब असते, सगळं निवांत चालतं. छोट्यात स्लाइड हलकी, धाव आखूड, आणि तिला आवरायला स्प्रिंग कडक. खालचं काडतूस वर यायला जेमतेम वेळ मिळतो. पूर्वी पीएमटीची बस थांब्यावर पुरती थांबायची नाही, धावत चढावं लागायचं, तसं त्या काडतुसाचं होतं. त्यात तुमचं मनगट ढिलं पडलं तर अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइड पुरती मागे पोचत नाही, आणि पुंगळी बाहेर पडायच्या दारात अडकते. दोष हाताचा असतो, शिव्या पिस्तूल खातं.

माझं पहिलं .३८० मी २०११ साली घेतलं. दुकानदार म्हणाला, डब्यातून काढा आणि खिशात टाका, काही बघायला नको. मला स्प्रिंगवाल्याची खोड, मी वही काढली. पहिल्या पन्नास राउंडमध्ये, म्हणजे पन्नास गोळ्यांत, चार वेळा अडकलं. हातातला घाम पुसला, पकड बदलली, पुढच्या पन्नासात पुन्हा तीनदा. घरी आल्यावर बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन दोन मॅगझिनांच्या बुडाशी ठिपके दिले, एकावर एक, दुसऱ्यावर दोन. पुढच्या शनिवारी एक ठिपकेवालं एकदाही अडकलं नाही, दोन ठिपकेवालं पाचदा अडकलं. मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे दोन ओठ असतात. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला तर दुसऱ्याचा डावा ओठ किंचित बाहेर वाकलेला निघाला. डोळ्याला काही दिसत नव्हतं. नवं मॅगझिन आणलं आणि त्यानंतर दोनशे राउंड घड्याळासारखे गेले. दुकानदाराचं ऐकलं असतं तर मीही खिशात दोन ठिपके घेऊन फिरत असतो.

तेव्हा माझा हिशेब असा : साध्या गोळ्यांचे किमान दोनशे राउंड, आणि ज्या गोळ्या रोज खिशात ठेवणार त्यांचे पन्नास, आपल्याच हाताने, आपल्याच मॅगझिनांमधून. शेवटच्या शंभरात एकदा जरी अडकलं तरी कारण सापडेपर्यंत ते पिस्तूल कपाटात.

आता पैशाचं. मागच्या महिन्यात आमच्याकडे ९ मिमी या नेहमीच्या मापाच्या पन्नास काडतुसांची पेटी १४ डॉलरला होती, .३८० ची २१ ला. काडतूस लहान, किंमत मोठी. तपासणीचे दोनशे राउंड म्हणजे ८४ डॉलर, खिशातल्या महागड्या गोळ्यांचे साठेक, होल्स्टरचे, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाचे, पंचवीस. अडीचशेचं पिस्तूल सव्वाचारशेला पडलं. पुढे महिन्याला एक पेटी चालवलीत तर ९ मिमीपेक्षा वर्षाला ८४ डॉलर जास्त जातात. पाचशे डॉलरचं ९ मिमी पिस्तूल तीन वर्षांत बरोबरीला येतं.

पण खरी गंमत अशी की महिन्याला पेटी कुणी चालवतच नाही. २००८ साली रुगर कंपनीचं एलसीपी नावाचं खिशातलं .३८० आलं आणि या जातीच्या पिस्तुलांची लाटच आली. त्याआधी फ्लोरिडाच्या केल-टेकने १९९९ मध्ये .३२ चं आणि २००३ मध्ये .३८० चं असंच चपटं पिस्तूल काढलं होतं. एलसीपीचं रिकामं वजन २७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक बऱ्यापैकी हापूस. एवढ्या हलक्या वस्तूतून .३८० सुटलं की अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात सणकन छडी बसते. मुठीला दोनच बोटं पुरतात, करंगळी हवेत. दुसऱ्या मॅगझिनपर्यंत माणूस डोळे मिटून चाप ओढायला लागतो. रेंजवर मी हे दर आठवड्याला बघतो. मग ते पिस्तूल खिशात राहतं आणि वर्षानुवर्षं कुणी चालवत नाही. माझ्या मते ते महाग पडतं ते असं.

तुमच्या जागी मी असतो तर सिग कंपनीच्या पी३६५ च्या आकाराचं ९ मिमी पिस्तूल घेतलं असतं. हे २०१८ ला आलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, आणि मूठ धरवते. ढगळ शर्टाखाली कुणाला दिसत नाही. खिसाच हवा असेल तर पाच गोळ्यांची, घोडा आत झाकलेली .३८ रिव्हॉल्व्हर. तिला मॅगझिन नाही, स्लाइड नाही, खिशात साचणाऱ्या कापसाचं तिला फारसं काही वाटत नाही. फक्त चाप जड असतो आणि झटका काही कमी नसतो. एलसीपी घेऊच नका असं नाही. जुनं घेत असाल तर एवढं बघा, की ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने सुरुवातीच्या नगांना परत बोलावलं होतं, कारण पडल्यावर गोळी सुटण्याचा धोका होता. दुरुस्ती फुकट होती. पिस्तुलावरचा नंबर सांगितला की तुमचं त्यातलं आहे का ते कंपनी सांगते.

खिशात त्याच्याबरोबर दुसरं काहीही नको. किल्ली नाही, नाणं नाही, बडीशेपेची पुडी नाही. चाप झाकणारं खिशाचं होल्स्टर हवंच. आणि दर पंधरवड्याला उघडून बघा : माझ्या नळीच्या तोंडात एकदा जीन्सचा निळा कापूस वातीसारखा वळलेला सापडला होता.

न विचारलेलं एक सांगतो. गल्ला रोज अकरालाच का नेता? वेळ बदला, कुणाला तरी बरोबर घ्या, रक्कम दुकानातच तिजोरीत टाका. यातल्या कशालाच गोळ्या लागत नाहीत.

प्रश्न : काका, स्त्रियांच्या कपड्यांना खिसेच नसतात. छोटं पिस्तूल पर्समध्ये ठेवलं तर चालेल का? मुलगी तीन वर्षांची आहे, आणि उन्हाळ्यात सासूसासरे पुण्याहून येतात. (एक वाचक, प्लेनो)

उत्तर : नको गं. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, शॉपिंग कार्टमध्ये ठेवतो, "जरा धर" म्हणून दुसऱ्याच्या हातात देतो. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने कार्टमध्ये बसल्या बसल्या आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं, गोळी सुटली, आणि आई जागच्या जागी गेली. ती पर्स पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली होती. पिस्तूल अंगावर तरी हवं नाहीतर कुलपात तरी. कमरेभोवती घालायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, पंजाबी ड्रेसखाली बसतो. पण चापावर कडक आवरण असलेलाच घे, नुसतं कापड नको.

सासूबाईंना मात्र आल्या दिवशीच सांग, की त्या कपाटात काय आहे आणि ते का उघडायचं नाही. आमच्याकडे आईने आवराआवर करताना माझी लहान तिजोरी "दागिन्यांची दिसते" म्हणून देवघरात नेऊन ठेवली होती. कुलूप होतं म्हणून निभावलं.

आणखी एक. मराठी शाळा आणि मंडळाचा गणपती बहुतेक ठिकाणी भाड्याच्या शाळेत असतो. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस पूर्ण झालेल्या बहुतेकांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते हे खरं, पण शाळेच्या इमारतीत नाही. परवाना असला तरी नाही. आरतीला जाताना घरी ठेवून जा.

प्रश्न : मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाची रांग तर माहीतच आहे. तोवर एखादं छोटं पिस्तूल घेतलं तर? (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर : नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्याला बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाच्या, कायद्याने बंदी आहे, आणि २०२२ पासून शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत आहे. बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर असेल तर तीही त्यातच. मित्राचं पिस्तूल रेंजवर "जरा बघू" म्हणून हातात घेणं किंवा तिथे भाड्याने घेणं हेही बाळगणंच धरतात. शिकारीचा वैध परवाना असेल तर कायद्यात सूट आहे, पण ती वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. टेक्सास काय म्हणतं ते इथे कामाचं नाही. ग्रीन कार्ड आल्यावर घेता येतं, मात्र तेव्हाही बंदुकीच्या गुन्ह्यात अडकलात तर देशाबाहेर काढतात. इतकी वर्षं रांगेत उभं राहून शेवटी यासाठी बाहेर?

प्रश्न : गन शोमध्ये .२५ चं जुनं, चकचकीत पिस्तूल शंभर डॉलरला बघितलं. तळहातात मावतं. घेऊ का? (एक वाचक, सॅन अँटोनिओ)

उत्तर : जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असेल तर नको. १९७० ते ९० च्या दशकांत लॉस एंजेलिसच्या आसपासच्या कारखान्यांनी अशी स्वस्त पिस्तुलं ढिगाने काढली. त्यांची स्लाइड झिजते, आणि चेंबरमध्ये गोळी ठेवून खाली पडलं तर भरवसा नाही. शंभर डॉलरची छान इस्त्री येते.

प्रश्न : डिसेंबरात मुंबईला निघालोय. पिस्तूल अर्थातच नेत नाही. बाकी काही काळजी? (एक वाचक, शुगरलँड)

उत्तर : बॅग. पिस्तूल न नेण्याइतके सगळे शहाणे असतात, गोळी मात्र राहून जाते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या शंभरात ९३ भरलेल्या. यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच : विसरलो. पिस्तुलाचं हे, तर शेंगदाण्याएवढ्या गोळीचं काय? भारतात एक जिवंत काडतूस बॅगेत निघालं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं असं पटवून लोक कोर्टातून सुटतात, पण तोवर पासपोर्ट, वकील, तारखा, आणि लग्नाला आलेलं वऱ्हाड परत गेलेलं असतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला निघालो होतो. बायकोने माझी खाकी पँट बॅगेत भरायच्या आधी सवयीने झटकली आणि फरशीवर टण्‌ण आवाज झाला. .३८० चं एक काडतूस घरंगळत फ्रिजखाली गेलं. लाटण्याने बाहेर काढलं. ती काही बोलली नाही, फक्त अख्खी बॅग पुन्हा रिकामी केली आणि प्रत्येक खिसा उलटा केला. तेव्हापासून भारतात न्यायची बॅग वेगळी, माळ्यावर असते, आणि रेंजवर जायची पँट त्या बॅगेत जात नाही.